केनियाच्या निवडणुकीत 'लुह्या व्होट' कसं वाचायचं

केनियात इलेक्शन जवळ आलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, पश्चिम केनियातल्या लुह्या जमातीच्या लोकांची संख्या एवढी मोठी पण त्यांच्यात एकी नाही, म्हणून त्यांचा प्रेसिडेंट होत नाही. मला हे वाक्य खरंच खटकतं. पुढच्या वेळी निकाल बघायला बसलात तर मी बघतो तसं बघून बघा.

आधी गठ्ठा मतदान हा शब्द डोक्यातून काढा. २०१९ च्या जनगणनेत लुह्या साधारण ६८ लाख, म्हणजे किकुयूंनंतर दोन नंबरवर. पण लुह्या हे नावच मुळात १९३०-४० च्या दशकात रुजलं, त्याआधी लोक स्वतःला बुकुसू, मारागोली, वांगा, तिरिकी, सामिया असंच म्हणायचे आणि गावाकडे आजही आधी तेच सांगतात. असे अठराएक उपगट आहेत, बुकुसू आणि मारागोली बोलींत तर इतका फरक की दोघं भेटले की बऱ्याचदा स्वाहिलीवर येतात. तरी 'मुलेम्बे' म्हणून नमस्कार करतात आणि मॅच असली की एएफसी लेपर्ड्स या फुटबॉल क्लबच्या मागे एक होतात, या क्लबचं जुनं नावच अबालुह्या एफसी होतं. म्हणजे ओळख खोटी नाहीये, फक्त ती मतपेटीत आपोआप उतरत नाही.

मग कागदावर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, लिहा: काकामेगा, बुंगोमा, विहिगा, बुसिया, आणि शेजारची ट्रान्स न्झोया. प्रत्येकीपुढे नेता लिहा. बुंगोमा म्हणजे मुख्यतः बुकुसू, तिथले मोझेस वेतांगुला. विहिगात मारागोली जास्त, तिथले मुसालिया मुदावादी. आता २०२२ बघा, हे दोघंही प्रेसिडेंटपदाचे उमेदवार विल्यम रुटोंबरोबर होते, पण बुंगोमा रुटोंकडे गेलं आणि मुदावादींचं विहिगा गेलं रुटोंचे प्रतिस्पर्धी रायला ओडिंगांकडे! काकामेगा आणि बुसियाही रायलांकडेच. नेता गेला म्हणून मतं गेली असं धरून चालाल तर इथेच फसाल. २००२ मध्ये तर मुदावादी देशाचे व्हाइस प्रेसिडेंट असताना सबातियाची स्वतःची खासदारकी हरले होते, आणि २०१३ ला स्वतः प्रेसिडेंटसाठी उभे राहिले तेव्हा देशभरात ४ टक्केसुद्धा मिळाले नाहीत. याला लोक फूट म्हणतात, मी म्हणतो मतदार स्वतःचं डोकं वापरतोय.

नंतर गणित. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंटीत २५-२५ टक्के. रुटोंनी २०२२ ला निम्म्याची रेघ जेमतेम ७० हजार मतांनी ओलांडली, आणि एकट्या बुंगोमात त्यांना त्याहून कितीतरी जास्त मतं पडली होती. म्हणून तर वेतांगुला नॅशनल असेंब्लीचे स्पीकर झाले आणि मुदावादी प्राइम कॅबिनेट सेक्रेटरी. पश्चिम केनिया पूर्ण जिंकायची कोणाला गरजच नाही, तिथे अर्धं मिळालं तरी खेळ फिरतो.

आणि जातीवरच थांबू नका, उसाकडे बघा. मुमियासचा साखर कारखाना एकेकाळी देशातला सगळ्यात मोठा, तो कर्जात बुडून २०१९ मध्ये रिसीव्हरच्या, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेला. बिल थकलेला ऊसवाला मत देताना काय विचार करतो हे कोल्हापूर-सांगलीवाल्यांना वेगळं सांगायला नको. तो उमेदवाराचा उपगट बघतोच, पण कारखान्याचं काय बोलतोय तेही ऐकतो.

पुढचं इलेक्शन ऑगस्ट २०२७ ला आहे आणि यावेळी जुना हिशोब तसाच लावता येणार नाही, कारण रायला १५ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याकडे केरळमध्ये उपचार घेत असताना गेले. काकामेगा, विहिगा, बुसियातली त्यांची मतं कुठे जातात तेच आता बघायचं. मुदावादींचा पक्ष रुटोंच्या पक्षात विलीन झालाय, दुसरीकडे ट्रान्स न्झोयाचे गव्हर्नर जॉर्ज नाटेम्बेया 'तावे' म्हणजे 'नाही' ही घोषणा घेऊन फिरतायत आणि तिला गर्दीही होतेय. तेव्हा निकालाच्या रात्री नैरोबीच्या टीव्हीवरचा एकूण आकडा राहू द्या बाजूला, बुंगोमा आणि विहिगा शेजारी शेजारी उघडा, २०२२ चे आकडे समोर ठेवा, टर्नआउट किती पडला किंवा वाढला ते लिहा आणि मग काकामेगाकडे वळा.