कर्मचारी टिकत नाहीत? बालकल्याण सेवेतल्या सुपरवायझरनी या चुका टाळा

“गृहभेट झाली का? अहवाल कधी देताय? कोर्टाची तारीख लक्षात आहे ना?” दर आठवड्याच्या बैठकीत एवढंच विचारत असाल, तर ती हजेरी झाली, सुपरव्हिजन नव्हे. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी 1976 साली सुपरव्हिजनची तीन अंगं मांडली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. कामाचा रेटा वाढला की पहिलंच उरतं, कारण वरून विचारणा त्याचीच होते.

म्हणून बैठक फाइलपासून नको, एका कुटुंबापासून सुरू करा. त्या घरात शिरताना काय वाटलं? काय दिसायला हवं होतं, पण दिसलं नाही? नवा कार्यकर्ता इथे अडखळेल, तेव्हा घाईने उत्तर पुरवू नका. अंगावर येणाऱ्या वडिलांसमोर मुलाशी वेगळं बोलायला तो कचरतोय, हे अहवालात कधीच येत नाही. अहवालात येतं, ‘मूल झोपलं होतं.’ तीन भेटींत तिन्ही वेळा मूल झोपलेलंच असेल, तर तो बहुधा आळस नसतो, भीती असते. लगेच पुढच्या भेटीला स्वतः सोबत जा. नुसती नोटीस काढलीत, तर चौथ्या भेटीतही मूल झोपलेलंच सापडेल.

दुसरी चूक, सोडून गेलेल्याचा सगळा गठ्ठा नव्याच्या टेबलावर ठेवायची. शिवाय केस आकड्याने मोजतात. एका बाळाची केस एक, आणि तीन ठिकाणी विखुरलेल्या चार भावंडांचीही एकच! आधी वजन बघा, मग वाटणी करा. अमेरिकेतल्या मिलवॉकी काउंटीत 2005 साली पाहणी झाली. ज्या मुलांची केस शेवटपर्यंत एकाच कार्यकर्त्याकडे राहिली, त्यांपैकी 74.5 टक्के मुलांना कायमचं घर मिळालं होतं. केस दोघांच्या हातून गेली, तिथे हे प्रमाण 17.5 टक्क्यांवर आलं. लांबलेल्या केसमध्ये माणसं बदलणारच, हे धरूनही आकडा झोप उडवणारा आहे.

प्रशिक्षणाबद्दल थोडकंच. दोन दिवसांची कार्यशाळा घेतली आणि पुढच्या महिन्यात कुणी विचारलंच नाही, तर हाती प्रमाणपत्र तेवढं राहतं.

“या कामाला मन घट्ट लागतं” हे वाक्य तर बंदच करा. ते ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. रोज दुसऱ्यांचे आघात ऐकून त्याची झोप उडते, स्वतःच्या मुलांबद्दल नको ते विचार येतात. कधी उलटंच होतं: माणूस कोरडा पडतो, अहवाल वेळेवर पण एकाच साच्यातले येतात, आणि आपण त्यालाच शाबासकी देतो. योगाचं सत्र ठेवून हे सुटत नाही (ठेवायला हरकत नाही म्हणा). केस कमी करा, सुट्टी खरोखर घेऊ द्या, गरज पडली तर समुपदेशकाकडे जायला कामाच्या वेळेत सवड द्या.

आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत गंभीर घटना घडली, तर कार्यकर्त्याला लावलेल्या फोनवर “नोंदी पूर्ण आहेत ना?” हा पहिला प्रश्न नको. “कुठे आहात? सोबत कोणी आहे का?” हे आधी. नोंदी त्याच दिवशी ताब्यात घ्याव्याच लागतात. ते काम तुम्ही करा.