सोयाबीनच्या गाठी पाहा, मग युरियाचं ठरवा

पेरणीचे दिवस आले की कृषी केंद्रात युरियासाठी गर्दी होते, अन् तिथंच कोपऱ्यात रायझोबियमची, म्हणजे हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची पाकिटं पडून राहतात. मला हे खरंच सलतं. आपल्या वावरावरच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकाला इतके घट्ट धरून असतात की कोणत्याच पिकाला तो सरळ घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 डिग्रीच्या वर तापमान अन् प्रचंड दाब लागतो, मग त्याचा युरिया होतो. तेच काम सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळावरच्या बारीक गाठीतले हे जिवाणू आपल्या मातीत गुपचूप करत असतात. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र, म्हणजे नायट्रोजन देतात. बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं 1888 मध्येच हे जिवाणू गाठीतून वेगळे काढले होते, म्हणजे गोष्ट काही नवीन नाही.

तर पाकीट घेताना आधी तारीख पाहा अन् पिकाचं नाव पाहा, कारण सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. पाकिटात जिवंत वस्तू आहे, गाडीच्या डिक्कीत उन्हात तापवू नका, औषधाच्या डब्यांजवळ ठेवू नका. 250 ग्रॅमचं पाकीट साधारण 10 ते 15 किलो बियाण्याला पुरते, एकरी 26 ते 30 किलो सोयाबीन पेरत असाल तर दोन-तीन पाकिटं लागतील. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, त्यात पाकिटातलं जिवाणूंचं कल्चर कालवा अन् सावलीत ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हातानं लावा. पाणी बेतानं घ्या, सोयाबीनचं टरफल पातळ असते, ओलं करून चोळलं की सुटते अन् उगवण बसते. बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. मग सावलीतच सुकवून त्याच दिवशी पेरा, उद्यावर ठेवू नका. लिक्विड कल्चर असेल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्या.

आता खरी पाहण्याची गोष्ट. सोयाबीन 35-40 दिवसाचं झालं, फुलावर यायला लागलं की दोन-चार ठिकाणची झाडं खुरप्यानं मातीसकट खोदून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात अन् तुम्ही म्हणाल गाठीच नाहीत. मुळं पाण्यात अलगद धुवा, गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना सुरू आहे समजा, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. पांढरी असेल तर अजून कामाला लागली नाही, हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम संपलं. गुलाबी गाठी भरपूर असतील तर वरून युरिया टाकायची गरज नाही, उलट नत्र आयतं मिळालं की झाड गाठी करायच्या कमी करते. पेरताना शिफारशीचं थोडं नत्र द्यायचं ते ठीकच आहे.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं तसं नाही, तिला अशा गाठी येत नाहीत, म्हणून तिला युरिया लागतोच, पण तो जातो कुठं हे समजून टाका. 45 किलोच्या थैलीत 46 टक्क्यानं 20 किलोच्या वर नत्र असते. ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम त्याचा अमोनिया करते अन् आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत तो हवेत उडून जातो, म्हणून मातीआड करा, डवऱ्याच्या (कोळप्याच्या) फेरानं झाकला तरी चालते. मातीआड झालेल्या युरियाचा अमोनियम होतो, तो काळ्या मातीला धरून राहतो. मग नायट्रोसोमोनास नावाचा जिवाणू त्याचं नायट्राइट करतो अन् नायट्रोबॅक्टर नावाचा दुसरा जिवाणू त्याचं नायट्रेट. नायट्रेट पीक लवकर उचलते, पण ते मातीला चिकटत नाही, मोठा पाऊस आला की पाण्यासंगं खाली जाते.

अन् झड लागली, म्हणजे सलग पाऊस सुरू राहिला, वावरात पाणी साचलं तर आणखी एक फौज जागी होते. मातीतली हवा संपली की काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात अन् नायट्रोजन परत हवेत सोडून देतात, सोबत थोडा नायट्रस ऑक्साइडही, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त तापवणारा वायू आहे. झडीत पऱ्हाटी पिवळी पडते त्यात मुळं गुदमरणं असते तसं हेही असते. अशा वेळी चिखलातच युरिया फेकायची घाई करतात, तो फुकट जातो. आधी चर काढून पाणी धुऱ्याबाहेर काढा, वापसा आला की मग द्या, अन् तेही थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यात.

कच्चं शेणखत पेरणीच्या तोंडावर टाकू नका. त्यात काडी-कचरा जास्त असतो, तो कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात अन् पीक काही दिवस पिवळं राहते. कुजलेलं खत उन्हाळ्यात पसरून वखरून घ्या.

सोयाबीन उपटू नका, विळ्यानं कापा, मुळं अन् गाठी जमिनीतच राहू द्या. बरंचसं नत्र दाण्यासंगं मार्केटमध्ये जाते, जे उरते ते पानात, मुळात अन् कुटारात, म्हणजे मळणीनंतरच्या भुशात. कुटार ढोरांना घाला नाहीतर खताच्या खड्ड्यात टाका, पण पेटवू नका, त्यातलं नत्र धुरासंगं जाते. अन् त्याच वावरात हरभरा पेरणार असाल तर हरभऱ्याचं वेगळं पाकीट आणा, आहे ते सोयाबीनचं उरलेलं वापरू नका.