डोंगरी वाटांसाठी स्पोर्ट क्वाड निवडण्यापूर्वी

स्पोर्ट क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल असलेले, कच्च्या वाटांवर चालवायचे चारचाकी वाहन. दुकानात किंवा जुन्या क्वाडच्या मालकाकडे जाण्यापूर्वी, ज्या वाटांवर फिरायचे आहे त्यांचा नकाशा समोर ठेवावा आणि त्यांवरील रुंदीची मर्यादा वाचावी. कोणत्या वाटेवर कोणते वाहन नेता येते ते दाखवणारे अमेरिकेच्या वनसेवेचे ‘मोटार व्हेइकल यूज मॅप’ मोफत मिळतात. कोलोरॅडो आणि युटामधील अनेक डोंगरी वाटा ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांनाच खुल्या आहेत आणि काहींच्या तोंडाशी तेवढ्याच रुंदीचे फाटकही असते. यामाहाचा रॅप्टर ७००आर सुमारे ४६ इंच रुंद असल्याने तेथून निर्धास्त जातो. वायएफझेड ४५०आर मात्र ४९ इंचांच्या जवळ आहे, त्यामुळे आधीच्या मालकाने चाकांना स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले असतील तर तो मर्यादेबाहेर जातो. मोजण्याचा टेप सोबत न्यावा आणि टायरच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर स्वतः मोजावे.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते निर्णायक आहे: क्वाडला रिव्हर्स गिअर आहे का? मोटोक्रॉस शर्यतीसाठी घडवलेल्या ४५० सीसीच्या बहुतेक क्वाडना तो नसतो, कारण शर्यतीच्या मैदानात मागे जाण्याची वेळ क्वचितच येते. वायएफझेड ४५०आर आणि होंडाचा टीआरएक्स ४५०आर रिव्हर्सविना आहेत. कावासाकीच्या केएफएक्स ४५०आरला मात्र तो होता. रॅप्टर ७००आर, होंडाचे टीआरएक्स ४००एक्स आणि २५०एक्स यांनाही तो आहे. कोलोरॅडोतील सान हुआन पर्वतात एका अरुंद वळणापुढे दरड कोसळून वाट बंद झालेली आढळली, तेव्हा माझ्या क्वाडला रिव्हर्स नव्हता. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला सुटा उतार, अशा जागी सुमारे १८० किलो वजनाचा क्वाड मागून उचलून तसूतसूने फिरवताना आम्हा दोघांचा पाऊण तास गेला. एकट्याने फिरणाऱ्याने तर रिव्हर्स नसलेला क्वाड, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी, घेऊच नये असे मी आग्रहाने सांगेन.

इंजिनाचा विचार करताना सीसीच्या आकड्याआधी उंची लक्षात घ्यावी. कोलोरॅडोतील युरे आणि टेल्युराइड या गावांमधली इमोजीन खिंड ३,९९७ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट, आणि त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन असलेले इंजिन इंधनाचे प्रमाण स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात मिश्रण इंधनाने जड होते, इंजिन अडखळते आणि जेट (इंधन सोडणारी बारीक छिद्रे असलेले भाग) बदलावे लागतात. शक्ती मात्र दोन्हींची घटते, म्हणून कमी वेगातही दमदार ओढणारे इंजिन निवडावे. यामाहाच्या जुन्या बॅन्शीचे ३४७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन उघड्या माळावर आनंद देते, पण त्याची ताकद वरच्या फेऱ्यांत एकवटलेली असल्याने दगडांच्या पायऱ्यांवर ते दमवते. नवशिक्याला २२९ सीसीचा टीआरएक्स २५०एक्स पुरेसा आहे. क्लच दाबायचा राहिला तरी त्याचे इंजिन बंद पडत नाही, आणि चढावर याचे मोल फार आहे. मोठ्या क्वाडला पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र) एका दाताने लहान बसवले की तो चढावर संथपणे चालवता येतो.

स्पोर्ट क्वाडचा मागचा आस अखंड असतो आणि ब्रेकची डिस्क व मागचे स्प्रॉकेट दगडांच्या अगदी जवळ लोंबते, त्यामुळे इंजिनाखाली आणि मागचा आस धरणाऱ्या स्विंगआर्मखाली जाड ॲल्युमिनियमची स्किड प्लेट (दगडांचा मार झेलणारा पत्रा) बसवण्याचा खर्च क्वाडच्या किमतीतच धरावा. टायर सहा प्लायचे (थरांचे) असावेत, आणि हवा साधारण ४ ते ६ पीएसआय इतकीच भरायची असल्याने कमी दाब नेमका दाखवणारा गेज जवळ असावा.

क्वाडवर बसून पाहावे, मग उभे राहून पाहावे, कारण डोंगरात बराचसा वेळ उभ्यानेच जातो. गुडघे किंचित वाकलेले असताना हँडल सहज हाती येते का, एका बोटाने पुढचा ब्रेक आवळतो का, पार्किंग ब्रेक खऱ्या उतारावर गाडी धरून ठेवतो का, हे तपासावे. हा एकाच माणसाचा क्वाड आहे. मागे कोणाला बसवण्याचा बेत असेल तर हा प्रकारच सोडून द्यावा.

जुना क्वाड घेताना पुढची आणि मागची दोन्ही टोके आळीपाळीने उचलून चाके हलवावीत. बॉल जॉइंट आणि स्विंगआर्मची बेअरिंग्ज झिजली असल्यास ढिलाई हाताला लगेच कळते. मागचे चाक फिरवताना ते डगमगले, तर आस वाकलेला असण्याची शक्यता असते. फ्रेमच्या सांध्यांवरचा चिखल पुसून तडे शोधावेत. शर्यतीच्या इंजिनांत व्हॉल्व्हमधील अंतर कधी तपासले होते ते विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर त्या कामाची मजुरी किमतीतून वजा करून मागावी. सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक आहे का तेही पाहावे, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत त्याशिवाय जाता येत नाही, आणि शर्यतीचा सायलेन्सर लावलेल्या जुन्या क्वाडमध्ये तो बहुधा नसतो.