भ्रष्ट पोलिसाची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

नवोदितांच्या पोलिसी पटकथा मी गेली काही वर्षं वाचते आहे. बहुतेकींचं पहिलं दृश्य ठरलेलं असतं. रात्र, पाऊस, जीपमध्ये बसलेला फौजदार पाकीट घेतो आणि न मोजता खिशात सरकवतो. गोष्ट इथेच निम्मी सांडते. हा माणूस वाईट आहे हे प्रेक्षकाला कळून चुकतं आणि पुढचे दोन तास तो फक्त याला कधी पकडतात याची वाट बघत बसतो.

पहिलं पाकीट लोभापायी घ्यायला लावणं

न्यूयॉर्कच्या पोलीस दलातल्या लाचखोरीची चौकशी नॅप आयोगाने केली होती. त्याच्या १९७२च्या अहवालात लाचखोरांच्या दोन जाती सांगितल्या आहेत. सावज हुडकत फिरणारे ते मांसाहारी आणि समोर आलं तेवढंच तोंडात घालणारे ते गवतखाऊ. संख्येने गवतखाऊच जास्त. आयोगाला खरी काळजी त्यांचीच वाटली, कारण त्यांच्या संख्येमुळे हप्ता घेण्यात कुणाला काही गैर वाटेनासं होतं.

तुमचा नायक गवतखाऊ असू द्या, म्हणजे प्रश्न बदलतो. पाकीट घेतलं तर काय होईल यापेक्षा नाही घेतलं तर काय होईल, याची भीती मोठी होते. न घेणारा बाकीच्यांना धोक्याचा वाटू लागतो. त्याच शहरातल्या फ्रँक सर्पिको या पोलिसाने खात्यातली लाचखोरी उघड केली होती. फेब्रुवारी १९७१मध्ये ब्रुकलिनमधल्या एका धाडीत त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडली गेली. तो सांगतो, की सोबतच्या पोलिसांनी मदतीचा संदेशच दिला नाही; फोन केला तो तिथल्या एका रहिवाशाने.

घर न दाखवणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. पटकथेतल्या पोलिसाला बायको असते, ती जेवण वाढते आणि 'आज पण उशीर?' म्हणते. घर म्हणून एवढंच.

मुंबईत शिपायाचं घर नोकरीला बांधलेलं असतं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या एकेका खोलीत पोलिसांचे संसार झाले, मुलं वाढली आणि निवृत्ती जवळ आली की खोली सोडायची धास्ती सुरू झाली. १८ ऑगस्ट १९८२ला याच शहरातल्या पोलिसांनी बंड केलं, जाळपोळ-लूटमार झाली, लष्कराला बोलवावं लागलं. त्यांच्या तक्रारी होत्या पगाराच्या, घराच्या आणि साहेबांच्या बंगल्यावर राबवून घेण्याच्या.

हे माहीत असेल तर निष्ठेचा पेच आपोआप उभा राहतो. ज्या वरिष्ठाविरुद्ध हवालदाराने जबाब द्यायचा आहे, त्यानेच शब्द टाकून त्याला क्वार्टर मिळवून दिलं होतं. मुलीच्या दवाखान्याचे पैसेही त्यानेच भरले होते, तेही हप्त्यातूनच. आता हवालदार काय करेल? लिहिताना तुम्हालाच उत्तर ठाऊक नसेल, तर दृश्य बरोबर चाललं आहे. निलंबनाची भीतीही मोघम ठेवू नका. पगाराच्या जागी सुरुवातीला जेमतेम अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता हातात येतो. त्यात दुकानदाराची उधारी आणि शाळेची फी कशी भागते, ते दाखवा.

सापळा म्हणजे छापा समजणं

लाचलुचपतवाले दार फोडून आत येत नाहीत. आधी तक्रार, मग पडताळणी. तक्रारदाराने रेकॉर्डर लपवून पुन्हा त्याच साहेबासमोर जायचं आणि मागणी त्याच्या तोंडून वदवायची. हे दृश्य बहुतेक जण गाळतात, आणि खरं नाट्य तर तिथेच आहे. मग पंच येतात, तेही बहुधा दुसऱ्या कार्यालयातले सरकारी कर्मचारी. नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवले जातात, नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पावडर लावली जाते. पैसे स्वीकारणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली, की पाणी गुलाबी होतं. आयुष्यभर पोलिसांना बघून बाजूला सरकणारा एखाद्या खात्यातला कारकून पंच म्हणून उभा आहे आणि त्याच्यासमोर पोलीस निरीक्षकाचे हात धुतले जाताहेत. यावर एक अख्खा भाग लिहून होईल.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केल्यास सुटका. तुमच्या तक्रारदाराचा आज सहावा दिवस असू द्या.

कबुलीवर खटला उभा करणं

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. मोक्का, म्हणजे १९९९चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, हा अपवाद. तिथेही कबुली अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवावी लागते. आणि कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल, तर 'तीनशे दोन लावा' हा संवाद काढून टाका. खुनासाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे. मुंबईत 'एसपी साहेब' नेमणंही थांबवा; आयुक्तालयात त्या जागी उपायुक्त असतो.

शेवटच्या दहा मिनिटांत न्याय

११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्याला पोलिसांनी वाशीहून उचललं आणि संध्याकाळी वर्सोव्यात तो चकमकीत मेल्याचं दाखवण्यात आलं. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलून नेल्याच्या तारा त्याने त्या चकमकीआधीच अधिकाऱ्यांना पाठवल्या होत्या. पुढे सोबत उचललेला साक्षीदार २०११मध्ये साक्ष देण्याआधीच मारला गेला. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी धरलं. तेव्हा सुटलेल्या एका अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये जन्मठेप सुनावली. मधे सतरा वर्षं गेली.

इतका काळ तुमच्या पटकथेत मावणार नाही, मान्य. पण त्या तारांवरची वेळ मावेल. एकीकडे तार केंद्राने मारलेला शिक्का, दुसरीकडे ठाण्यातली डायरी. माणसाला आत आणलं आहे, साहेब दारात उभे आहेत, ठाणे अंमलदाराने पेन उघडलं आहे आणि तो खाली बघतच विचारतो, "साहेब, वेळ किती टाकू?" पावसातली जीप काढा आणि गोष्ट इथून सुरू करा.