आरोग्याचं नाटक बसवताना उत्तर कोरं ठेवा

आरोग्यावरच्या नाटकाचा साचा सगळ्यांना पाठ असतो: व्यसनी मुलगा, शहाणा मित्र, शेवटी डॉक्टरांचं भाषण. टाळ्या पडतात, पण त्या भाषण संपल्याच्या असतात. वेगवेगळ्या देशांतून, भाषांतून आणि घरच्या रीतींतून आलेली तरुण मुलं समोर असली की हा साचा आणखीच फसतो. नाटकातलं ते ‘शहाणं’ घर नक्की कुणाचं, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. म्हणून प्रश्न मुलांकडून घ्या आणि उत्तर लिहूच नका.

चिठ्ठ्या. 12-15 जणांचा गट पुरे. पहिल्या भेटीत प्रत्येकाकडून, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, बिननावी चिठ्ठी घ्या: विचारायला संकोच वाटतो असा आरोग्याचा एक प्रश्न. ‘मानसिक आरोग्य’ या मथळ्यावर नाटक उभं राहत नाही. ‘मला झोप लागत नाही, हे घरी कुणाला सांगू?’ यावर राहतं. चिठ्ठ्या मोठ्याने वाचण्याआधी स्वतः चाळा. गटात एखादी भाषा एकाच मुलाची असेल, तर चिठ्ठी बिननावी राहत नाही. परिचारिका किंवा डॉक्टर आतापासूनच सोबत असू द्या. चुकीची माहिती तालमीतच दुरुस्त व्हायला हवी.

शब्दांआधी पुतळे. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल 1973 मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. शिकणाऱ्यांच्या मातृभाषा निरनिराळ्या होत्या. मत बोलून सांगण्याऐवजी इतरांच्या शरीरांतून ते घडवून दाखवायचं, अशी पद्धत त्यांनी तिथे वापरली. तुम्हीही तिघातिघांना ‘दवाखाना’ घडवायला सांगा. घडवणारा गप्प राहील, बाकीचे काय दिसतंय ते सांगतील. खाली घातलेली मान एकाला आदर वाटते, दुसऱ्याला भीती, तिसऱ्याला दुखणं. इथे रेंगाळा. गप्प बसलेल्या रुग्णाला खरंच सगळं समजलंय का, हा प्रश्न इथे आपोआप निघतो. अंगाला हात लावलेला सगळ्यांना चालत नाही. आधी विचारा, नाहीतर समोर उभं राहून आरशासारखं करून दाखवायला सांगा.

अडणारा प्रवेश. आता पाचेक मिनिटांचा प्रवेश बसवा आणि तो वाईट जागी संपवा. समजा, 15 वर्षांची मुलगी आईसाठी दुभाषी म्हणून दवाखान्यात आली आहे. डॉक्टर आईच्या पाळीविषयी विचारतात. मुलगी लाजते आणि आईला भलतंच काही विचारते. आई उत्तर देते, मुलगी त्यातलं निम्मं गाळते. चुकीच्या समजुतीवर औषध लिहिलं जातं. आईला तिच्याच भाषेत बोलू द्या. ती भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकांची पंचाईत झाली तरी होऊ द्या, डॉक्टरांचीही तीच झालेली असते. पात्रांची नावं काल्पनिक ठेवा. कुणाला ‘तुमच्यात असं असतं ना?’ असं विचारू नका आणि उच्चारांची नक्कल करून हशा मिळवू नका.

पुन्हा तोच प्रवेश. दुसऱ्यांदा करताना प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून मुलीच्या जागी येऊ शकतं. बोआल यांच्या या पद्धतीत सूत्रधाराला ‘जोकर’ म्हणतात. पत्त्यांतल्या जोकरासारखा तो कुठल्याच बाजूचा नसतो. त्याने बरं-वाईट ठरवायचं नाही, एवढंच विचारायचं: “असं खरंच घडेल?” डॉक्टरांना एकदम प्रेमळ करून टाकणं ही जादू झाली, ती चालत नाही. मुलगी “हे मी सांगू शकत नाही, दुसरा दुभाषी मिळेल का?” म्हणाली, की मग परिचारिकेने तिथेच दोन वाक्यांत सांगावं: दुभाषी मागता येतो का, ऐकलेलं गुप्त राहतं का. माहिती मुरते ती अशा अडलेल्या जागी. तीन-चार वेगळे प्रयत्न झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पात्रातून बाहेर. शेवटी प्रत्येकाने पात्राची ओढणी किंवा टोपी काढून ठेवावी आणि आपलं नाव मोठ्याने घ्यावं. पोरखेळ वाटतो, पण रडवेली झालेली मुलं यानेच सावरतात. ‘काहीही सांग, गुप्त राहील’ असं वचन देऊ नका. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर जबाबदार माणसाला कळवावं लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

महिन्याभराने पुन्हा चिठ्ठ्या घ्या आणि जुन्यांच्या शेजारी मांडा. ‘हे कुणाला विचारू?’ अशा चिठ्ठ्या कमी झाल्यात का, ते आधी बघा.