चादरीच्या दुकानात बिलाचा प्रिंटर, लेबल प्रिंटर आणि स्कॅनर जोडताना

बिलिंगचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, क्रम एकच ठेवा: आधी प्रिंटर एकटा, मग विंडोज, शेवटी सॉफ्टवेअर. सोलापुरात चाटी गल्लीतलं दुकान असो की नव्या पेठेतलं, थेट सॉफ्टवेअर उघडून प्रिंट मारली आणि कागद निघाला नाही, तर चूक कुठं आहे तेच कळत नाही.

पावतीच्या थर्मल प्रिंटरला रोल घाला, फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर चालू करा. सेल्फ टेस्टची चिठ्ठी निघते. लॅनचा, म्हणजे नेटवर्क केबलने जोडायचा प्रिंटर असेल तर बहुधा त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) तिच्यावर असतो. चिठ्ठी कोरी निघाली तर रोल उलटा बसलाय. कागदावर नख ओढून पाहा. काळी रेघ उठते ती बाजू हेडकडे, म्हणजे छापणाऱ्या गरम पट्टीकडे हवी.

मग ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाका आणि प्रॉपर्टीजमधून टेस्ट पेज काढा. यूएसबीच्या ज्या सॉकेटात केबल लावली त्यावर पेनाने खूण करा. साफसफाईत केबल दुसऱ्या सॉकेटात गेली की विंडोज बऱ्याचदा ‘कॉपी 1’ नावाचा नवाच प्रिंटर तयार करतं, सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावावर बिलं पाठवत राहतं आणि ती रांगेत अडकतात. डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायची सोयही बंद करा, नाहीतर बिल लेबलवर छापलं जाईल. लॅनच्या प्रिंटरला पोर्ट सहसा 9100 असतो. राउटरमध्ये त्याचा आयपी राखून ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो.

80 मिमीच्या रोलवर प्रत्यक्ष छपाई 72 मिमी, एका ओळीत 48 अक्षरं. 58 मिमीवर 48 मिमी आणि 32 अक्षरं. ही रुंदी ड्रायव्हरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे सारखीच भरा. नाहीतर रकमेचा रकाना उजवीकडे कापला जातो. एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), नग, दर, जीएसटी हे सगळं 32 अक्षरांत कोंबावं लागतं, म्हणून 80 मिमीचाच घ्या. मराठीत नाव छापायचं असेल तर ग्राफिक्स मोड लावा. टेक्स्ट मोडमध्ये प्रश्नचिन्हं येतात.

गल्ल्याची केबल प्रिंटरच्या मागच्या ‘डीके’ सॉकेटात जाते, लॅनच्या सॉकेटात नाही.

खरी कटकट लेबलची. चादर रॅकवर महिनोन्महिने पडून राहते, म्हणून शाईच्या रिबनवाला प्रिंटर घ्या. साधं थर्मल लेबल तोवर फिकं पडतं. कागदी लेबलला वॅक्स (मेणाच्या शाईची) रिबन चालते. रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे हेडची कड झिजत नाही. रोल बदलला की गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखणारा) कॅलिब्रेट करा, म्हणजे नव्या रोलशी जुळवा. एकाआड एक लेबल कोरं निघत असेल तर आधी हेच तपासा, आणि लेबलचं माप ड्रायव्हरमध्ये नीट भरलंय का तेही.

बारकोड ‘कोड 128’ या प्रकारात काढताना गणित करा. 203 डीपीआयवर (इंचाला 203 ठिपके) एक ठिपका 0.125 मिमीचा, सगळ्यात बारीक रेघ दोन ठिपक्यांची, म्हणजे 0.25 मिमी. अक्षरं-आकडे मिसळलेला 8 खुणांचा कोड सुमारे 31 मिमी होतो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी कोरी जागा धरली तरी 50 मिमीच्या लेबलवर आरामात बसतो. 14 खुणांचा मात्र 52 मिमीवर जातो. मग सॉफ्टवेअर रेघा एका ठिपक्यापर्यंत दाबतं आणि स्कॅनर वाचत नाही. दुकानदार स्कॅनरला दोष देतो, दोष लांब कोडचा असतो. नुसते आकडे वापरले तर 8 आकडे 20 मिमीत मावतात.

स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, म्हणून आधी नोटपॅडमध्ये तपासा. कोड उमटून कर्सर खालच्या ओळीवर गेला पाहिजे. नाही गेला तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला एंटरचा कोड स्कॅन करा. कॅप्स लॉक चालू असेल तर काही स्कॅनर इंग्रजी कॅपिटल अक्षरं स्मॉल आणि स्मॉल अक्षरं कॅपिटल करून पाठवतात.

चादरी-टॉवेलचा सुती तंतू गॅप सेन्सरवर आणि कटरमध्ये साचतो. महिन्यातून एकदा प्रिंटर बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने हेड पुसा, ते वाळू द्या आणि सेन्सरवरचा तंतू मऊ ब्रशने काढा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू होण्याआधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, हे जरूर करा. उन्हाळ्यात पावतीचे रोल शटरजवळच्या उन्हात ठेवू नका. तापून कागद वापराआधीच काळवंडतो.