गॅरेज सेलमधून उचलायचं आणि ऑनलाईन विकायचं: आधी खोकं बघा

मी सुरुवातीला गॅरेज सेलमधून (लोक घरातलं जुनं सामान दारातच विकायला मांडतात ना, तिथून) जे जे उचलून आणलं त्यातलं निम्मं अजून पलंगाखाली पडलंय, कारण एकच, स्वस्त दिसलं की हात पुढे. आता उलटं करतो. वस्तू आवडली की पहिला प्रश्न, ही कुरियरने कसल्या खोक्यात जाईल?

कारण बऱ्याच कुरियरवाल्यांकडे नुसतं वजन चालत नाही, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढायची आणि ५००० ने भागायचं, जो आकडा येईल तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर तेवढे किलो धरतात. म्हणजे एक किलोची लॅम्पशेड ५० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात घातली की ती झाली १६ किलोची! विकली जाते हो, पण नफा सगळा कुरियरवाला नेतो. हे मी एका लॅम्पशेडवर शिकलो आणि तेव्हापासून खिशात मोजायची टेप असते.

दुसरं म्हणजे भाव बघायची पद्धत. ऑनलाईन कोण किती मागतोय ते बघून काही उपयोग नाही, मागायला काय कोणीही काहीही मागतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या साईटवर फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ असं असतं ते लावा, म्हणजे खरंच किती ला गेलं ते दिसतं, आणि किती वेळा गेलं तेही. विक्रीला चाळीस पडलेत आणि तीन महिन्यांत गेलेत फक्त दोन, तर ती वस्तू तिथेच टेबलावर ठेवा. हिशोब मी ढोबळ करतो: १०० ला विकलं की साईटची फी, पेमेंटची फी, बबल रॅप, चिकटपट्टी, कुरियर आणि अधूनमधून परत येणाऱ्या मालाचा खड्डा धरून हातात ६० राहिले असं समजतो, म्हणून २५ च्या वर देत नाही. कधी कधी चांगली वस्तू सुटते. सुटू दे.

आता तपासणं. मला जुने फिल्म कॅमेरे जमतात म्हणून त्याचंच सांगतो. मागचं झाकण लगेच उघडू नका, आधी रिवाइंडचा, म्हणजे रोल परत गुंडाळायचा, नॉब हळूच फिरवून बघा, ताण लागला तर आत रोल आहे. उघडलात तर उजेड लागून खराब होईल, आणि त्यात विकणाऱ्याच्या घरचेच फोटो असणार, तेव्हा सांगा त्यांना, बिचारे खूश होतात आणि भावातही जरा मऊ होतात. मग बॅटरीचं झाकण. आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेत, थोडी असेल तर कापसावर व्हिनेगर घेऊन पुसली जाते पण स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर सोडा. रोल नाही याची खात्री झाली की मागचं उघडा, शटर बी वर ठेवा (बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण उघडा, बटण दाबून धरा आणि टॉर्च मारून लेन्समधून आरपार बघा. धुळीचे चार कण असले तरी चालतात, फोटोत येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, हात लावू नका. झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झालेला असतो जवळपास सगळ्यांचाच, तो बदलता येतो, म्हणून तो घासाघीस करायला वापरायचा, वस्तू नाकारायला नाही.

कॅसेट प्लेयरने मात्र मला चांगलंच फसवलं. जवळचे सेल टाकले, दिवा लागला, मोटर घरघरली, झालं, घेतला. घरी कॅसेट टाकली तर चाक फिरेचना, उघडून बघतो तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला. आता पेन्सिल सेल, टॉर्च, मोजायची टेप, लोहचुंबक आणि एक रद्दी कॅसेट अशी पिशवीच तयार असते. चुंबक कशाला, तर चांदी किंवा पितळ म्हणून देतात आणि चुंबक चिकटतं. न चिकटणं म्हणजे पुरावा नाही हां, चांदीवर ९२५ चा शिक्का शोधा, आणि ईपीएनएस लिहिलं असेल तर तो नुसता चांदीचा मुलामा.

पुस्तकांचा बारकोड स्कॅन करून भाव बघा, विश्वकोशाचे जाडजूड संच आणि मागच्या आवृत्तीची पाठ्यपुस्तकं उचलू नका. बोर्ड गेम असेल तर तिथेच बसून सोंगट्या मोजा. लाजायचं काय त्यात, एक फासा कमी असला तर गिऱ्हाईक परत पाठवतंच. फोन घेताना विकणाऱ्याला त्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा, लॉक राहिलं तर तो फोन म्हणजे नुसती वीटच. हेल्मेट आणि लहान मुलांच्या कार सीट मी घेतच नाही, कधी आपटल्यात का ते बघून कळत नाही, कोणाच्या जिवाशी खेळ नको.

भाव करताना एकेक वस्तू धरून बसू नका, चारपाच बाजूला काढा आणि सगळ्याचं मिळून विचारा. सकाळी लवकर गेलात तर माल चांगला मिळतो, संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की भाव, दोन्ही एकदम मिळत नाही.

लिस्टिंगच्या, म्हणजे साईटवर टाकायच्या जाहिरातीच्या, नावात आधी कंपनी आणि मॉडेल नंबर, ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’ वगैरे शब्द कोणी सर्च करत नाही. फोटो खिडकीजवळ दिवसा काढा. ओरखडा असेल तर त्याचा वेगळा, जवळून फोटो टाका, त्याने भाव फारसा पडत नाही पण भांडण वाचतं. सिरियल नंबरचाही एक फोटो स्वतःकडे ठेवा, कारण कधीकधी परत येतो तो तुमचा पीस नसतोच. आणि काय किती ला घेतलं ते त्याच दिवशी वहीत लिहा, टॅक्सच्या वेळी आठवणीवर काढता येत नाही.

९० दिवसांत गेलं नाही तर मी भाव पाडतो, तरीही नाही गेलं तर कोणाला तरी देऊन टाकतो. ती लॅम्पशेड सोडून, ती आता माझ्याच खोलीत लागलीय.